कॅरिबियन बेटावर दोघांची सुट्टी: आपापले अनुभव लिहावेत

एडिसन, न्यू जर्सी

लग्नाला 20 वर्षे झाली म्हणून गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघे आठवडाभर सेंट लुशियाला जाऊन आलो. मुलांना मागे ठेवून केलेला हा आमचा पहिलाच मोठा प्रवास. पहिले तीन दिवस रिसॉर्टच्या आवारातच गेले. चौथ्या दिवशी नाश्त्याला बसलो असताना नवरा म्हणाला, "आज घरी परतलो, तर या बेटाबद्दल सांगण्यासारखे आपल्याकडे काहीच नाही." मला ते पटले, आणि त्याच दिवशी गाडी व चालक ठरवून आम्ही उत्तरेच्या रॉडनी बेहून नैऋत्येच्या सुफ्रिएरकडे निघालो.

रस्ता सगळा वळणावळणांचा आणि खोऱ्यांतून केळीच्या बागा. माझे माहेर रावेरचे, त्यामुळे घडांवर चढवलेल्या निळ्या पिशव्या दिसताच मी गाडी थांबवायला सांगितली. चालकाच्या वडिलांचीही केळीची बाग होती. त्यांची केळी जहाजाने इंग्लंडला जात, लोक केळीला 'हिरवे सोने' म्हणत आणि त्या पैशावर या भावंडांची शिक्षणे झाली. पुढे 1990 च्या दशकात अमेरिका आणि लॅटिन अमेरिकेतील काही देशांनी जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली, युरोपात या बेटांना मिळणारी सवलत हळूहळू संपली, आणि डोंगरउतारावर एक-दोन एकर करणाऱ्या शेतकऱ्याला तिकडच्या अफाट मळ्यांच्या भावाशी टक्कर देणे अशक्य झाले. भाव पडल्यावर तयार घड बागेतच सोडून देताना घरात कशी शांतता पसरते, हे मी लहानपणी पाहिलेले आहे. आम्ही दोघे बराच वेळ बोलत राहिलो आणि नवरा कडेच्या दगडावर बसून ऐकत होता. माझ्या माहेरच्या शेतीबद्दल त्याने 20 वर्षांत विचारले नव्हते इतके प्रश्न त्या दिवशी परतीच्या वाटेवर विचारले.

तिथे कच्च्या केळ्याला 'फिग' म्हणतात. उकडलेली कच्ची केळी आणि खारवलेला मासा हा त्यांचा राष्ट्रीय पदार्थ. मी मासे खात नाही म्हणून सुफ्रिएरच्या खानावळीतील बाईंनी मला नुसती केळीच कांदा-मिरचीवर परतून दिली, ती आपल्या भाजीच्या इतकी जवळची होती की मी दुसऱ्यांदा मागून घेतली. गंधकाच्या झऱ्यांपाशी राखाडी चिखल अंगाला फासून आम्ही उन्हात वाळत बसलो होतो. ग्रो पिटॉन आणि पेटी पिटॉन ही 2004 पासून जागतिक वारसा यादीत असलेली जोडशिखरे पाहिली, मात्र ग्रो पिटॉनवर वाटाड्या घेऊन चढायचे राहून गेले.

आपण जोडीने अशा एखाद्या बेटावर गेला असाल, तर रिसॉर्टच्या बाहेर काय पाहिले आणि कशाची काळजी घ्यावी लागली, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

टोरंटो

आम्ही ग्रेनाडाला गेलो होतो. माझ्या सासरची श्रीवर्धनला नारळी-पोफळीची बाग आहे आणि पोफळींच्या सावलीत जायफळाची झाडे होती. 'होती' असे लिहावे लागते, कारण 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात बागेचा मोठा भाग आडवा झाला. त्या वेळी टाळेबंदीमुळे आम्हाला कॅनडाहून जाता आले नाही. ह्यांनी ती पडलेली झाडे फक्त भावाने पाठवलेल्या फोटोंत पाहिली आणि त्यानंतर घरात हा विषय कधी काढला नाही.

ग्रेनाडाच्या राष्ट्रध्वजावरच जायफळ आहे. पश्चिम किनाऱ्यावरील गुयाव्ह या गावी जायफळ प्रक्रियेचे जुने केंद्र आहे, ते पाहायला आम्ही गेलो. आत शिरताच तो वास आला, आणि श्रीवर्धनच्या माडीवर जायपत्री वाळत घातलेली असायची तेव्हाचा दिवस डोळ्यांसमोर उभा राहिला. बायका जायफळे हाताने निवडत होत्या. त्यांपैकी एका वयस्क बाईंनी ताजे फळ फोडून दाखवले. पिवळे टरफल दुभंगले, आत काळी-तपकिरी चकचकीत बी आणि तिच्यावर लालभडक जायपत्रीची जाळी. ह्यांनी ती जाळी न तुटता एका ओढीत सोडवली, तेव्हा बाईंनी चमकून पाहिले आणि हे काम कुठे शिकलात, असे विचारले.

ह्यांनी सांगितले. मग त्या बाईंनी 2004 च्या सप्टेंबरमधील आयव्हन वादळाची हकीकत सांगितली. एका दिवसात बेटावरची बहुतेक जायफळाची झाडे गेली. नवीन रोप लावल्यावर फळ धरायला सात-आठ वर्षे लागतात, आणि झाड नर आहे की मादी हे फुलावर येईपर्यंत कळत नाही, त्यामुळे पुष्कळ म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी पुन्हा लागवड केलीच नाही. बाईंनी मात्र केली होती. "तुम्ही लावलीत का?" या त्यांच्या प्रश्नावर हे काही बोलले नाहीत. रात्री हॉटेलवर आल्यावर ह्यांनी भावाला फोन लावला आणि कलमे कुठे मिळतील याची चौकशी केली. गेल्या पावसाळ्यात बारा कलमे लावून झाली आहेत.

ग्रँड आन्सचा समुद्रकिनारा सुंदर आहे, आम्ही रोज संध्याकाळी तिथे पाय बुडवून बसत असू.

बंगळूर

काळजीबद्दल विचारले आहे, म्हणून बार्बाडोसची एक गोष्ट लिहितो. तिथल्या किनाऱ्यांवर मँचिनील नावाचे झाड असते. फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखे दिसते आणि अत्यंत विषारी असते, पण चीकही तितकाच दाहक असतो हे आम्हाला माहीत नव्हते. अचानक सर आली म्हणून आम्ही दोघे त्याच झाडाखाली उभे राहिलो. पानांवरून ओघळलेले पाणी बायकोच्या खांद्यावर पडले आणि तासाभरात बिब्बा उतावा तसे फोड उठले. शहाळी विकणाऱ्या एका माणसाने आम्हाला ओढून बाहेर काढले आणि खोडावर रंगवलेला लाल पट्टा दाखवला. लाल पट्टा दिसला की सावलीलाही थांबू नये.

शिकागो

आम्ही जूनमध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधील पुंता काना येथे गेलो होतो आणि समुद्र जवळजवळ दिसलाच नाही. सरगॅसम नावाचे तपकिरी समुद्रशेवाळ 2011 पासून या भागात मोठ्या प्रमाणावर वाहून येते, किनाऱ्यावर त्याचे ढीग कुजतात आणि सडक्या अंड्यांसारखा वास येतो. हॉटेलने आरक्षण करताना याबद्दल अवाक्षर काढले नव्हते, याचा मला अजून राग आहे. तिथल्याच एका कर्मचाऱ्याने सुचवल्यावरून आम्ही दक्षिण किनाऱ्यावरील बायाहिबेला गेलो, आणि तिथे पाणी नितळ मिळाले. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी बेटाचा कोणता किनारा कोणत्या दिशेला आहे, ते आधी नकाशावर पाहावे. वादळांचा अधिकृत हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असतो, तेव्हा या काळात प्रवासाचा विमाही अवश्य काढावा.

बॉस्टन

माझा अनुभव वरच्यांपेक्षा वेगळा आहे. आम्ही अरुबाला सहा दिवस होतो आणि एकदाही बाहेर पडलो नाही. नवऱ्याची केमोथेरपी नुकतीच संपली होती. सप्टेंबर असूनही आम्ही अरुबा निवडले, कारण ते बेट वादळांच्या नेहमीच्या पट्ट्याच्या दक्षिणेला येते आणि नळाचे पाणी निर्धास्त पिता येते. वारा सतत एकाच दिशेने वाहतो, त्यामुळे तिथली दिवी-दिवीची झाडे पार एका अंगाला झुकलेली असतात. आमच्या गच्चीसमोर तसेच एक झाड होते. सकाळ-संध्याकाळ त्याच्याकडे पाहत आम्ही चहा घेत असू. चौथ्या दिवशी नवऱ्याने आपण होऊन दुसरा कप मागितला. घशाखाली काही उतरत नव्हते त्या महिन्यांनंतर हे मी पहिल्यांदा ऐकले. ज्यांना विश्रांतीची गरज आहे, त्यांनी बेट न पाहिल्याची खंत बाळगू नये, असे मला मनापासून वाटते.

ठाणे

आम्ही दोघे आता सत्तरीच्या आसपास आहोत. मुलगा न्यूयॉर्कला असतो. त्याने विचारले, "कुठे जायचे?" ह्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "पोर्ट ऑफ स्पेन." त्रिनिदादच्या या राजधानीतच 1971 साली वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवले, सरदेसाईंनी 112 धावा काढल्या आणि गावसकरांनी पदार्पणात 65 आणि नाबाद 67. त्या दिवसांतली वर्तमानपत्राची कात्रणे ह्यांनी आजतागायत जपून ठेवली आहेत. क्वीन्स पार्क ओव्हलवर आम्ही गेलो तेव्हा सामना नव्हता. रखवालदाराला कात्रण दाखवताच त्याने फाटक उघडून दिले, आणि हे मैदानाच्या कडेला टोपी काढून पंधरा-वीस मिनिटे नुसते उभे राहिले. डोंगर दिसत होते, हिरवळीवर एक माळी पाणी मारत होता. मी मागे बाकावर बसून राहिले.

त्रिनिदादमध्ये 30 मे 1845 रोजी हिंदी मजुरांचे पहिले जहाज लागले, त्यामुळे खाण्यापिण्याचे हाल अजिबात झाले नाहीत. रस्त्यावरच्या गाडीवर 'डबल्स' मिळतात, म्हणजे हळद घातलेल्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्यांवर छोल्यांची उसळ. एका घरगुती खानावळीत कॅललू नावाचा प्रकार वाढला. पहिला घास घेताच ह्यांनी माझ्याकडे पाहिले. अळूचे फदफदेच ते, फक्त चिंच-गुळाऐवजी नारळाचे दूध आणि भेंडी घातलेली. मालकीणबाई आत येऊन पाहा म्हणाल्या. परसात डोक्याएवढ्या पानांचा अळू होता, आपल्याकडे न्हाणीच्या पाण्यावर वाढतो तसाच. निघताना त्यांनी मला दोन कंद देऊ केले, पण विमानातून नेता येत नाहीत म्हणून मी ते हातात घेऊन पाहिले आणि परत दिले.