डुशेनच्या (मुलांचे स्नायू झिजवणाऱ्या आजाराच्या) रिसर्चमध्ये अजून किती वर्षं उंदीरच धरून बसायचं?

बिनशेपटीचा:
एमडीएक्स उंदीर 1984 पासून आहे. डिस्ट्रोफिन, म्हणजे स्नायू टिकवणारं प्रोटीन, नाही त्याच्यात, म्हणून डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं कुठलंही औषध आधी त्याच्यावर. पण हा पठ्ठ्या जवळपास दोन वर्षं आरामात जगतो, पळतो, पिल्लं घालतो, आणि तेच प्रोटीन नसलेल्या मुलाला साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास व्हीलचेअर लागते. एझुट्रोमिड नावाचं औषध उंदरात छान चाललं, 2018 ला मुलांच्या ट्रायलमध्ये आपटलं. दर वेळी 'उंदीर बरा झाला' अशी बातमी येते नि आईबाप आशेला लागतात. बंद करा राव.

पेशीवाली:
बंद करून काय करणार ते पण सांगा की. उंदराचा बिघाड एक्सॉन 23 मध्ये, म्हणजे डिस्ट्रोफिनच्या जीनच्या 23 नंबरच्या तुकड्यात, तो गाळला की आखूड पण कामाचं डिस्ट्रोफिन तयार होतं हे जिवंत स्नायूत त्याच्यातच दिसलं. त्याच कल्पनेवर माणसासाठी एक्सॉन 51 गाळणारं औषध एटेप्लिर्सेन, 2016 ला एफडीएने (अमेरिकेच्या औषध खात्याने) पास केलं.

बिनशेपटीचा:
हो, आणि मुलांच्या स्नायूत डिस्ट्रोफिन किती वाढलं? नॉर्मलच्या एक टक्कासुद्धा नाही!!

पेशीवाली:
मग तो दोष औषध स्नायूत पोचत नाही त्याचा, उंदराचा कसा? कल्पना चालते का एवढंच उंदीर सांगतो. मूल चालेल का हे त्याला विचारताच कशाला. आणि तो सौम्य का, तर युट्रोफिन हे डिस्ट्रोफिनसारखंच दुसरं प्रोटीन सांभाळून घेतं नि स्नायू पुन्हा भरून येतो. डीबीए नावाच्या उंदराच्या जातीत तोच बिघाड घातला की आजार बराच जड होतो, पण त्यात सुरुवातीलाच स्नायूत कॅल्शियम साचतं, जे मुलांमध्ये तसं नसतं. एक भोक बुजवलं की दुसरं.

मुकी_बाजू:
मग लगेच 'कुत्रा वापरा' येणारच. गोल्डन रिट्रीव्हरमध्ये हा आजार खरंच मुलांसारखा असतो, गिळता येत नाही, हृदय जातं. म्हणजे जितकं मॉडेल चांगलं तितके हाल जास्त, हे कोणी मोठ्याने बोलत नाही. वर एकाच वेतातली दोन भावंडं इतकी वेगळी निघतात की चार-सहा कुत्र्यांवरून काय कळणार कपाळ.

पेशीवाली:
मान्य, पण जीन थेरपीत जीन पोचवणाऱ्या व्हायरसचा डोस वजनावर ठरतो. तीस ग्रॅमच्या उंदरावरून पन्नास किलोच्या मुलाचं लिव्हर काय करेल ते कळत नाही. 2025 मध्ये ही थेरपी घेतलेली, चालू न शकणारी दोन मुलं लिव्हर फेल होऊन गेली. प्राण्यांऐवजी डिशमध्ये वाढवलेल्या पेशी वापरा म्हणाल, तर त्यांना लिव्हर नसतं हो.

बिनशेपटीचा:
ती थेरपी प्राण्यांतून पास होऊनच आली होती ना?