कामाच्या धसक्यात पाच मिनिटांची उसंत : तुमचे अनुभव लिहा

बँकेत कॅश काउंटरवर माझी एकोणीस वर्षं गेली, तरी संध्याकाळी कॅश जुळेपर्यंत पोटात गोळा असतोच. गेल्या मार्चअखेरीला पाचशे रुपये कमी आले. चारदा मोजलं, हात कापायला लागले. शिपाईमामा म्हणाले, "ताई, ड्रॉवरला कुलूप लावा आणि मागच्या कडुनिंबाखाली जाऊन या." गेले. पाच मिनिटं नुसती पानं बघितली. परत येऊन स्लिपा चाळल्या तर दुसरीच स्लिप १३,३०० ची, आणि मी टाकले होते १३,८००. तीच स्लिप आधी चारदा डोळ्यांखालून गेली होती!

तुम्ही कामाच्या मध्ये अशी उसंत कशी काढता? सल्ले नकोत, स्वतः करता ते लिहा.

रातपाळी
मी आयसीयूत नर्स आहे. मॉनिटरचा अलार्म घरी झोपेतसुद्धा ऐकू येतो. बाहेर जाऊन बसायला मिळत नाही. पण साबणाने नीट हात धुवायला चाळीस ते साठ सेकंद लागतात, आणि तेवढे सेकंद माझे. बोटांच्या बेचक्यांतला फेस, मनगटावरून उतरणारं गार पाणी, एवढंच बघते. श्वास घेते त्यापेक्षा सावकाश सोडते. छातीतली धडधड बसते. मग पुढच्या बेडकडे. रात्रीतून कितीतरी वेळा हात धुवावे लागतात, म्हणून जमतं.

हिंजवडी
पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी ही पोमोदोरो पद्धत करून पाहिली. मला पंचवीस फार कमी पडतात, कोडची लय तुटते. पन्नासवर आणलं. खरा फरक पडला तो फोन ड्रॉवरमध्ये ठेवून खाली उतरायला लागल्यापासून. आधी ब्रेकमध्येही ऑफिसचाच ग्रुप वाचत होतो, त्याला विश्रांती कसं म्हणायचं?

उत्तरेकडची
स्वीडनमध्ये याला 'फिका' म्हणतात. कॉफी, दालचिनीचा बन, सगळे एकत्र. पुण्यात मी चहा कायम डेस्कवरच प्यायले, त्यामुळे सुरुवातीला उठताना अपराधी वाटायचं. इथे न उठणाऱ्यालाच विचारतात, बरी आहेस ना?

खडूफळा
मला पाच मिनिटं पुरेनाशी झाली होती. शाळेच्या फाटकाशी रोज घाम फुटायचा. शेवटी १४४१६ वर, टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन केला. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिथून डॉक्टरांपर्यंत पोचले. ज्यांचं उसंतीने भागत नाही त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते आहे.

लाइनवरचा
वरचं सगळं वाचलं. आमच्याकडे असेंब्ली लाइन थांबत नाही, त्यामुळे उठताच येत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती; पण त्या पाच तासांच्या आत जीव घाबरला तर? रिलीव्हर, म्हणजे जागा सांभाळणारा बदली माणूस, एकच, तोही दुसरीकडे पळवलेला. सुपरवायझरकडे मागितलं, "टार्गेट झाल्यावर" म्हणाले. मग शेजारच्या स्टेशनवरच्या दादांचं काम मी शिकून घेतलं, त्यांनी माझं. आता मान हलवून खूण केली की दोन मिनिटं दोन्ही जागा एकजण सांभाळतो. दुसरा पाठीमागच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहतो.