लहान हातांना बसणारे थंडीतले कामाचे हातमोजे: तुमचे अनुभव सांगा

गवतीचहा
काल भाचीचा फोन आला. जानेवारीत इथे कॅनडात, एडमंटनला येतेय, शिकता शिकता कामही करणार. "मावशी, ग्लोव्ह्ज इथूनच घेऊन येऊ का?" आणि मला माझा इथला पहिला डिसेंबर आठवला. रोपवाटिकेच्या यार्डात ख्रिसमसची झाडं सुतळीने बांधायची, गिऱ्हाइकाच्या गाडीवर चढवायची. बाहेर उणे 25. कामावर मिळालेले चामड्याचे हातमोजे सगळे पुरुषी मापाचे, आणि मला सव्वादोनची बांगडीसुद्धा सैल होते! बोटांपुढची रिकामी टोकं नेमकी सुतळीच्या गाठीत अडकायची. गाठीसाठी हातमोजा काढला की बोटं बधिर, वर झाडाचा चिकट डिंक. दुकानात बायकांचे म्हणून मिळायचे ते बागकामाचे, पातळ, फुलाफुलांचे. कडाक्याच्या थंडीत बायकाही अंगमेहनतीची कामं करतात, हे कुणाच्या गावीही नसावं याचा मला अजून राग येतो.

शेवटी जमलं ते असं: आत मेरिनो लोकरीचा पातळ मोजा, वर बकरीच्या चामड्याचा सगळ्यात लहान मापाचा. गाईच्या चामड्यापेक्षा ते मऊ, बोट नीट वाकतं, आणि टिकतंही. तुम्ही काय केलंत? भाचीला वाचायला देणार आहे, सविस्तर लिहा.

बर्फी_मिनेसोटा
मुलग्यांचा विभाग!! 10-12 वर्षांच्या मुलांचे बर्फातले ग्लोव्ह्ज मला बरोब्बर बसतात. स्वस्तही असतात. दारातला बर्फ फावड्याने काढायला पुरे. रोजच्या कामाला मात्र नाही, तळव्याचं कापड घासून फाटतं. लेकाचे आणि माझे सारखेच दिसतात, शाळेच्या वेळी रोज शोधाशोध.

द्राक्षमळा
निफाडला बर्फ नाही पण थंडी विचारू नका. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला ते पेपरात येतं ना, त्याच दिवसांत द्राक्षबागेत डिपिंग चालतं. एकेक घड जीएच्या (मणी वाढवणाऱ्या संजीवकाच्या) द्रावणात बुडवायचा, पहाटेपासून हात ओले. रबरी हातमोजे गडीमाणसांच्या मापाचे, मनगटातून पाणी आत शिरतं आणि तिथेच साचतं. म्हणून बायका घालतच नाहीत, मग लोक म्हणतात यांना सवयच नाही. अहो मापाचे द्या ना आधी! आम्ही आता नायट्रिलचे (कृत्रिम रबराचे) लहान माप मुद्दाम मागवतो. कृषी दुकानात आपणहून ठेवत नाहीत, दोनदा सांगावं लागतं. विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला, कात्री धरायची असते, तिथे अजून काही जमलेलं नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.

राइनकाठ
शीतगृहाच्या गोदामात आहे, जर्मनी. भाचीला सांग एस-एम बघू नकोस, आकडा बघ. 6, 7, 8 म्हणजे साधारण इंचात तळव्याचा घेर. अंगठा सोडून बोटांच्या मुळाशी फीत गुंडाळायची. 6 म्हणजे 152 मिमी, 7 म्हणजे 178. एका कंपनीचा एस 7 असतो, दुसरीचा 8. युरोपातल्या हातमोज्यांवर हिमकणाचं चित्र आणि ईएन 511 हा थंडीच्या हातमोज्यांच्या मानकाचा क्रमांक असतो, सोबत तीन आकडे. पहिला थंड हवेसाठी, दुसरा गार वस्तू धरण्यासाठी, दोन्ही 0 ते 4, जास्त तितकं चांगलं. तिसरा पाण्याचा, तिथे 1 हवा. लोखंडी दांडे उचलायचे असतील तर दुसरा आकडा बघायचाच.

जुई
मग सव्वादोनची बांगडी म्हणजे 6 की 7?

राइनकाठ
तसं नाही गं लागत. बांगडी चढवताना अंगठा आत दुमडतो, इथे अंगठा मोजतच नाहीत. फीत घे. बोटांची लांबीपण बघ, माझा घेर 7 चा आणि बोटं 6 ची.

कोळीवाडा
माझी मावशी ससून डॉकला कोळंबी सोलते. तिची थंडी बारा महिने, बर्फातला माल. मोठा रबरी हातमोजा घातला की साल बोटाला कळत नाही, हात मंदावतो, आणि पैसे तर वजनावर. मेडिकलमध्ये ऑपरेशनचे हातमोजे 6, साडेसहा अशा मापात मिळतात, ते आणून दिले, आत बारीक लोकरीचे. गारठा कमी झाला म्हणते. काटे टोचतात तरी.

गवतीचहा
वाचून पोटात तुटलं गं. मावशींना माझा नमस्कार सांग.

सांजवेळ
एक महत्त्वाचं. गारठ्यात बोटं आधी पांढरी, मग निळी, ऊब मिळाली की लाल होऊन ठणकत असतील तर डॉक्टरांना दाखवा, रेनॉ म्हणतात त्याला. बहिणीला घरचे कितीतरी वर्षं "सहन कर" म्हणत राहिले. आणि लहान माप म्हणजे घट्ट नव्हे हं! आवळलं की रक्त फिरत नाही, ऊब धरणारा हवेचा थरही राहत नाही. आतला मोजा घालूनच वरचा घालून बघायचा.

पहाटफेरी
पुण्यात पहाटे स्कूटीवरून दूध पोचवते. तिबेटी लोक थंडीत स्वेटर विकायला बसतात, त्यांच्याकडून घेतले, तिथेही सगळे फ्री साइज. चपला शिवणाऱ्या काकांनी बोटं आखूड करून दिली, शिवण बाहेरच्या बाजूला घेतली म्हणजे आत टोचत नाही. भले माणूस. त्यांची लेक यंदा बारावीला आहे, अभ्यास छान करतेय.

तूपसाखर
आत सुती नको, ओलं झालं की गारच. लोकर ओली झाली तरी ऊब देते. चामड्याचे हीटरवर वाळत घालू नका, कडक होऊन तडकतात. भाची येतेय तर मेतकूट सांगितलंस की नाही?

बर्फी_मिनेसोटा
मेतकूट!! आणि थालीपिठाची भाजणी. हात गरम ठेवणाऱ्या पुड्यांचं राहिलंच, त्यात लोखंडाची भुकटी असते, हवा लागली की तापते. उघड्या कातडीवर नको, आतल्या मोज्यावर, हाताच्या पाठच्या बाजूला ठेवायची. तळव्यात ठेवली तर पकड जाते.

जुई
फीत लावली, साडेसहा इंच! म्हणजे 7 घेऊन आत लोकरीचा ना? आणि तो झाडाचा डिंक निघतो कशाने?

राइनकाठ
हो, 7 घे. आत पातळच हवा, जाड घातलास तर आवळेल.

गवतीचहा
डिंकाला खोबरेल. चोळायचं, थोडं थांबायचं, फडक्याने पुसायचं. हातांनाही तेच.

तूपसाखर
थंडीत खोबरेल गोठतं ना, सूर्यफुलाचं चालेल?

गवतीचहा
चालेल, कुठलंही खायचं तेल.