बाबांना सौम्य अल्झायमर, गाडी चालवू द्यावी का?

सुदामानगरची लेक: बाबा ७३ वर्षांचे. निदान नुकतंच झालंय, लायसन्सची मुदत बाकी आहे. राजवाड्यापर्यंत गाडी स्वतः नेतात, "मला काही होत नाही" म्हणतात. किल्ली आत्ताच काढून घ्यायची की ठरवायला काही माप आहे?

पुनर्वसन_इंदूर: ताई, या टप्प्यावर काही जण अजून नीट चालवतात. पण बाबांच्या शब्दावर जाऊ नका. आपलं चुकतंय हेच या आजारात कळेनासं होतं. शेजारी बसणाऱ्याचं निरीक्षण जास्त भरवशाचं. दोनदा अर्धा-अर्धा तास सोबत बसा: एकदा सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर, एकदा पलासियाच्या गर्दीत. रस्ता सांगायचा नाही. उजवं वळण बारकाईनं बघा. समोरची गाडी किती लांब, किती वेगात, हा अंदाज तिथे चुकतो. हिरव्या सिग्नलला थांबणं, रस्ता वळवलेला दिसला की गांगरणं, गाडीवर नवे ओरखडे, हेही टिपून ठेवा. ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय एकदा जरी गेला, तर त्याच दिवसापासून गाडी बंद. "मी शेजारी बसून सांगेन" हा उपाय नव्हेच. सांगितलेलं उमजून पाय हलेपर्यंत उशीर झालेला असतो.

स्मृती_तपासणी: एमएमएसई या ३० गुणांच्या स्मरणशक्तीच्या चाचणीत गुण २४ किंवा कमी असतील तर धोका वाढतो, पण नुसत्या गुणांवर निर्णय नको. ट्रेल मेकिंग 'बी' करून घ्या: विखुरलेले आकडे आणि अक्षरं १-अ-२-ब अशी आळीपाळीनं जोडायची. ३ मिनिटांहून जास्त लागली किंवा ३ चुका झाल्या, तर गाडी थांबवून आधी सविस्तर तपासणी. झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्या, मोतीबिंदू यांचीही चौकशी करा. सगळं ठीक निघालं तरी दर ६ महिन्यांनी पुन्हा. अल्झायमरऐवजी स्मृतिभ्रंशाचा लेवी बॉडी किंवा फ्रंटोटेम्पोरल प्रकार असेल तर मात्र वाट पाहू नका, गाडी लगेच थांबवा.

आरटीओ_माहिती: लायसन्स चालू आहे याचा आधार घेऊ नका. पंचावन्ननंतर ते ५ वर्षांसाठी मिळतं, फॉर्म १-अ वर डॉक्टरांची सही लागते, पण स्मरणशक्तीची सविस्तर चाचणी होत नाही.

सुदामानगरची लेक: ऑटोमॅटिक गाडी घेतली तर सोपं जाईल?

पुनर्वसन_इंदूर: बहुधा उलटच होईल. जुन्या गिअरची सवय हातापायांत मुरलेली असते, नवीन शिकणं हेच अवघड. त्या पैशात ओळखीचा रिक्षावाला महिन्याच्या बोलीवर ठरवा, गाडी बंद करायच्या आधीपासूनच. आणि "गाडी चालवू नये" हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, म्हणजे बाबांचा राग तुमच्यावर निघणार नाही.