उमर्टीचा कट्टा की रावेरची बंदूक : कायदा कुणासाठी कडक करायचा?

पांझराकाठ :
शस्त्र कायदा आणखी कडक हवा, या बाजूचा मी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं एका परवान्यावरची शस्त्रं तीनवरून दोनवर आणली. मूळ विधेयकात एकच होतं, ओरड झाली म्हणून दोन झाली. विनापरवाना बाळगण्याची शिक्षा १ ते ३ वर्षांवरून २ ते ५ वर्षं झाली. इथवर ठीक. पण त्याच दुरुस्तीत परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली, हे कुणाला खटकलंच नाही. पाच वर्षांत भाऊबंदकी पेटते, बांधाचा वाद कोर्टात जातो, दारू वाढते. बंदूक मात्र कपाटात तशीच. दरवर्षी ठाण्यातून पडताळणी आणि एक माणूस एक शस्त्र, एवढं तरी व्हावं.

केळीमाती :
भाऊ, कपाटातल्या बंदुकीवरच का घसरता? पीक संरक्षणासाठी १९५९ चा शस्त्र कायदा मुळात ठासणीची बंदूक देतो, म्हणजे नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू ठासून भरायची ती. ती पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तरच दुसरी गुळगुळीत नळीची. आता मका कणसावर येतो नेमका पावसाळ्यात. दारू सर्दावते, बार उडत नाही, आणि उडाला तरी पुन्हा ठासेपर्यंत रानडुकरांचा कळप पार. रानडुक्कर मारायला वन खात्याची परवानगी वेगळी. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. छाननी समितीनं प्रत्येक परवाना स्वतंत्र तपासायचा असतो, पण सरसकट नोटिसा काढणं सोपं पडतं.

सातपुडा_पायथा :
तुम्ही दोघं परवान्यावर भांडताय. गुन्ह्यात सापडतो तो गावठी कट्टा, आणि त्याला परवाना कसला! चोपड्याला लागून मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी त्यासाठी बदनाम आहे (सगळं गाव तेच करतं असं नाही, हेही लिहून ठेवतो). बनवण्या-विकण्याला ७ वर्षं ते जन्मठेप आधीच आहे. अजून काय वाढवणार, फाशी?

खटला पडतो तो दुसरीकडेच. एक, कलम ३९ : विनापरवाना शस्त्राच्या खटल्याला जिल्हादंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. ती उशिरा आली किंवा शस्त्र न पाहता दिली, की बचाव पक्ष तिथंच बोट ठेवतो. दोन, पंच फितूर. तीन, लाखेचं सील : जप्तीच्या वेळी लावलं की ठाण्यात आल्यावर, हे पंचनाम्यात नीट नसतं. मग प्रयोगशाळेत गेलेला कट्टा तोच, हे सिद्ध कसं करणार? १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नं झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालंय, ते चांगलं. पण न्यायवैद्यक तज्ज्ञ जागेवर बोलावण्याची सक्ती ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांनाच. कट्टा नुसता बाळगण्याला कमाल ५, म्हणजे तो बाहेरच राहिला.

पांझराकाठ :
सीलचा मुद्दा मान्य. पण परवानाधारक धुतल्या तांदळाचे नसतात हो. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढणारा बहुतेक वेळा परवान्यावरचाच असतो. त्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना रद्द करायला कलम १७ आहे. वापरतं कोण?

सातपुडा_पायथा :
ते वापरा ना, नवा कायदा कशाला? खरी नाडी काडतूस आहे. कट्टा भट्टीवर होतो; काडतूस मात्र बहुतेक कारखान्याचंच लागतं, म्हणजे ते कुठल्या तरी हिशेबातून निसटलेलं असतं. (लगेच कुणी वरणगावच्या दारूगोळा कारखान्याकडे बोट दाखवेल. तिथं सैन्याच्या मापाच्या गोळ्या होतात, कट्ट्यात सापडणारं काडतूस बरेचदा नागरी परवान्याच्या मापाचं असतं.) विक्रेत्याची नोंदवही आणि परवान्यावरची खरेदी दर तिमाहीला ताडून पाहा. नवं काडतूस देताना रिकाम्या पुंगळ्या मोजून घ्या.

केळीमाती :
म्हणजे फिरून आमच्यावरच! रात्री उसाच्या फडात बार काढला, पुंगळी चिखलात गेली, ती बॅटरी घेऊन शोधत बसायची का? सापडली नाही तर हंगामात काडतूस बंद?

सातपुडा_पायथा :
दहातल्या दोन हरवल्या तर चालतील, असं ठेवा. दहाच्या दहा हरवल्या तर विचारणारच.

केळीमाती :
दोन नाही, चार. आणि विचारणा तहसीलला व्हावी, ठाण्यात नको.