मिनिमम बॅलन्सच्या नावाने कापलेले पैसे परत कसे मिळवायचे?

खाडीकाठ:
आईचं बचत खातं देवगड तालुक्यातल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत आहे. किमान शिल्लक १,००० रुपये हवी. मार्चअखेर ४१२ होते. मग जून, सप्टेंबर आणि डिसेंबर, दर वेळी १५० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७७ रुपये गेले. (व्याजाचे दोन-चार रुपये धरत नाही.) शिल्लक २३५, मग ५८, मग उणे ११९. फेब्रुवारीत पीएम किसानचे २,००० जमा झाले, त्यातून आधी ११९ वळते केले. शाखेत एकच उत्तर: "सिस्टीम कापते, आमच्या हातात नाही." एवढ्याशा रकमेसाठी कुठलं छोटं कोर्ट आहे का? आई गावी, मी मुंबईत.

खतावणी:
कोर्टाचं नंतर बघू. "दंड फार आहे" असं कुठेही लिहू नका. किती आकारायचा हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, असं म्हणून तक्रार तिथेच संपते. नियम मोडून कापला, हे दाखवायचं.

नियम रिझर्व्ह बँकेच्या २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाने आले, १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले. तुमच्या कामाचे तीन. शिल्लक कमी पडली की आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं आणि भरायला किमान एक महिना द्यायचा. दंड तुटीच्या प्रमाणात हवा. आणि निव्वळ दंडामुळे खातं उणे जाता कामा नये.

तुमचा हिशोब लावा. तूट ५८८, ७६५ आणि ९४२, दंड मात्र तिन्ही वेळा १५०. बँकेच्या दंडाचे टप्पे असतात आणि तिन्ही तुटी एकाच टप्प्यात बसत असतील, त्यामुळे हा मुद्दा दरपत्रक बघूनच घाला. नोटीस आली नसेल तर पूर्ण ५३१ मागा. नोटीस आल्याचं बँकेने दाखवलं तरी ११९ रुपयांना उत्तर नाही. खात्यात ५८ असताना १७७ कापलेच कसे?

पासबुकावर विसंबू नका, त्यात नुसते संकेत छापतात. वर्षभराचा खातेउतारा घ्या. अर्जावर सही आईची. मजकूर एवढा पुरे:

"माझ्या खात्यातून अमुक तारखांना एकूण ५३१ रुपये किमान शिल्लक दंड व त्यावरील जीएसटी म्हणून कापले. प्रत्येक कपातीपूर्वी मला नोटीस कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकावर वा पत्त्यावर पाठवली ते कळवावे. तिसऱ्या कपातीने खाते उणे ११९ झाले. रक्कम जीएसटीसह परत जमा करावी."

दोन प्रती काढा, एकीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर स्पीड पोस्टाने पाठवा. तोंडी तक्रारीला शून्य किंमत. "बघूया" म्हणजे नाय, असाच अर्थ लावायचा.

हापूसपेटी:
वरच्याला जोडून. पोच मिळाली त्या दिवसापासून ३० दिवस मोजा. उत्तर आलं नाही, नाकारलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. फी नाही. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर मोबाइलच्या ओटीपीने तक्रार होते. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडच्या तक्रार केंद्राकडे पत्राने, मराठीतही चालतं. काही अडलं तर १४४४८ वर फोन.

तक्रारी फेटाळल्या जातात त्या बहुतेक याच चुकांनी: बँकेकडे लेखी न जाता थेट लोकपालाकडे, किंवा ३० दिवस व्हायच्या आत. २०२१ च्या लोकपाल योजनेत बँकेचं उत्तर आल्यापासून एक वर्ष मुदत होती, पण तेवढं थांबू नका, एकतिसाव्या दिवशी टाका. सोबत पोच, उतारा, उत्तर आलं असेल तर ते. आईच्या वतीने तुम्ही करू शकता, अधिकारपत्र जोडा; वकील मात्र प्रतिनिधी म्हणून चालत नाही.

तक्रार दाखल झाली की बऱ्याचदा बँकेचा फोन येतो, "अर्धे देतो, मागे घ्या." पूर्ण रक्कम खात्यात दिसेपर्यंत "समाधान झाले" असं लिहून देऊ नका.

आणि खातं पतपेढीत असेल तर हे काही लागू नाही. तिथे सहकार खात्याचे सहायक निबंधक.

खाडीकाठ:
एक अडचण. बँकेत नोंदवलेला मोबाइल जुना आहे, तो नंबर बंद झालाय.

खतावणी:
मग नोटिशीचा मुद्दा लंगडा पडतो. बँक म्हणेल एसएमएस पाठवला, नंबर बदलल्याचं तुम्ही कळवलं नाही. तरी तारखा मागाच. एसएमएस आणि कपात यांत महिनाभराचं अंतर नसेल तर तेवढ्यावर पकडता येतं. पण अर्जात उणे शिल्लक पहिल्या ओळीत घ्या. नंबर त्याच दिवशी बदला, वेगळ्या अर्जाने. दोन्ही गोष्टी एका कागदावर घातल्या की नंबर बदलतो आणि तक्रार फाइलमध्ये राहते.

सुरंगी:
छोटं कोर्ट विचारलंत ना, आपल्याकडे त्या जागी जिल्हा ग्राहक आयोग. सिंधुदुर्गाचा ओरोसला, रत्नागिरीचा रत्नागिरीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार राहत्या जिल्ह्यात दाखल करता येतं, म्हणजे बँकेचं मुख्यालय कुठेही असो, त्यांनी इकडे यायचं. सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकिलाची सक्ती नाही. "सेवेतील त्रुटी" हे शब्द तक्रारीत हवेत, सोबत प्रतिज्ञापत्र. मुदत दोन वर्षं, आणि बँकेशी नुसती पत्रापत्री करत राहिल्याने ती वाढत नाही.

खरं सांगायचं तर ५३१ रुपयांसाठी देवगडहून ओरोसच्या खेपा परवडणार नाहीत. आधी लोकपाल. दोन्हीकडे एकदम जाऊ नका. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल हात लावत नाही.

आणि अर्ज द्यायला जालच, तर खातं मूलभूत बचत खात्यात बदलून द्या म्हणून शाखेत तेही वेगळ्या कागदावर लिहून द्या. त्याला किमान शिल्लक नसते आणि महिन्याला चार वेळा पैसे काढणं फुकट. अट एकच, त्या बँकेत आईचं दुसरं बचत खातं नको.