जज लँडिस: दणका देणारा न्यायाधीश हा चांगला न्यायाधीश असतो का?

काळाकोट:
मंडळी, केनेसॉ माउंटन लँडिसबद्दल बोलायचंय. १९०५ ला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने शिकागोच्या फेडरल (केंद्रीय) कोर्टात नेमलेला जज, पुढे १९२० ला बेसबॉलचा पहिला कमिशनर, म्हणजे खेळाचा प्रमुख. (वडील यादवी युद्धात केनेसॉ डोंगराच्या लढाईत जखमी झाले म्हणून पोराला डोंगराचं नाव.) भ्रष्टाचार साफ करणारा म्हणून त्याला डोक्यावर घेतात. माझं म्हणणं, हा माणूस टाळ्यांसाठी निकाल द्यायचा आणि मोठमोठे निकाल वरच्या कोर्टात टिकायचे नाहीत. १९०७ चा स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीचा खटला बघा. रेल्वेचा तेल वाहतुकीचा ठरलेला दर शंभर पौंडाला १८ सेंट, कंपनी गुपचूप ६ देत होती, गुन्हाच तो. पण लँडिसने प्रत्येक वॅगन म्हणजे वेगळा गुन्हा धरला, १,४६२ गुन्हे गुणिले २०,००० डॉलर, झाले २ कोटी ९२ लाख ४० हजार! आरोपी इंडियानाची कंपनी, तिचं भांडवल १० लाख, आणि दंड ठोकला न्यू जर्सीच्या मूळ कंपनीची श्रीमंती बघून, जी आरोपी नव्हतीच. १९०८ ला अपिलात सगळं उडालं, फेरसुनावणीत कंपनी सुटली. दमडी भरली नाही.

रोखठोक_सातारा:
अजिबात पटलं नाही. त्या काळी स्टँडर्ड ऑइलच्या रॉकफेलरला कोर्टात उभं करायची कुणाची टाप होती? लँडिसने समन्स काढून त्याला शिकागोत साक्षीला आणलं. कायदा सगळ्यांना सारखा हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, त्याची किंमत अपिलाच्या कागदावर मोजता येत नाही साहेब.

शिकागोकर_ताई:
रोखठोक, मग १९१८ चं काय? आयडब्ल्यूडब्ल्यू या कामगार संघटनेच्या शंभराच्या आसपास लोकांवर एकाच वेळी खटला, एवढ्या माणसांचा निकाल ज्युरीने तासाभरात दिला आणि लँडिसने बिल हेवूडसकट पुढाऱ्यांना २०-२० वर्षं ठोठावली. समाजवादी, जर्मनभाषक व्हिक्टर बर्गरलाही २० वर्षं. जर्मन वंशाच्या लोकांवर हा जज आधीच जहरी बोललेला, बर्गरच्या वकिलांनी अर्ज दिला की दुसरा जज द्या, तरी हा खुर्ची सोडेना. १९२१ ला सुप्रीम कोर्टाने तेवढ्याच कारणावर शिक्षा रद्द केली. कायदा सगळ्यांना सारखा असं म्हणताना हे आठवा जरा.

रोखठोक_सातारा:
ताई, पहिल्या महायुद्धाचा काळ होता, बरेच जज तसेच वागले. बर्गरच्या केसचं समर्थन मी करत नाही. पण बेसबॉल? १९१९ ची वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची अंतिम मालिका) विकली गेली, म्हणजे शिकागोचे खेळाडू पैसे घेऊन मुद्दाम हरले; ज्युरीने खटला चाललेल्या खेळाडूंना सोडलं, आणि दुसऱ्याच दिवशी लँडिसने संशयातले आठही जण कायमचे बाहेर काढले. तसं केलं नसतं तर तो खेळ बघायला कुत्रं गेलं नसतं!

काळाकोट:
त्या आठात बक वीव्हर होता. सौद्याच्या बैठकीला बसला, सगळं त्याच्या कानावर होतं, पण पैसे घेतल्याचा पुरावा नाही, सिरीजमध्ये बॅटिंगची सरासरी .३२४, म्हणजे चांगलीच, आणि फील्डिंगमध्ये एकही चूक नाही. लँडिसचं म्हणणं, कळल्यावर क्लबला सांगितलं नाहीस ना, मग तूही बाहेर. पैसे घेणारा आणि गप्प बसणारा, दोघांना एकच शिक्षा! १९५६ ला मरेपर्यंत वीव्हर नाव साफ करायला अर्ज करत होता. असल्या हुकमाला अपील कुठे करणार? सगळी सत्ता त्याच्याच हातात.

रोखठोक_सातारा:
गप्प बसणाऱ्याला सोडलं तर उद्या सगळेच गप्प बसतील. मी लँडिसच्या जागी असतो तर वीव्हरला तेच दिलं असतं.

शिकागोकर_ताई:
आणि काळ्या खेळाडूंचं? १९४२ ला म्हणाला, बंदीचा नियमच नाही. पण तो १९४४ ला जाईपर्यंत मेजर लीगमध्ये (बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत) एकही काळा खेळाडू उतरला नाही, पहिला जॅकी रॉबिन्सन १९४७ ला आला. एका सहीने आठ जण हाकलणाऱ्याला हे जमलं नसतं? २०२० ला एमव्हीपीच्या (सर्वात मोलाच्या खेळाडूच्या) ट्रॉफीवरून त्याचं नाव काढलं ते योग्यच झालं.

रोखठोक_सातारा:
क्लबचे मालकच ते करत होते, सगळं खापर एकट्यावर फोडू नका.

काळाकोट:
मालकांचाच विषय काढलात तर ऐका. १९१५ ला फेडरल लीग या प्रतिस्पर्धी बेसबॉल लीगने याच मालकांवर मक्तेदारीचा दावा लावला, लँडिसच्या कोर्टात. जानेवारीत सुनावणी झाली आणि निकाल वर्षभर दाबून ठेवला, शेवटी डिसेंबरात बहुतेकांनी तडजोड केली, फेडरल लीग बंद पडली. पाच वर्षांनी त्याच मालकांनी त्याला ५०,००० डॉलर पगारावर बोलावलं. जजचा ७,५०० चा पगार त्यातून वजा करून घेतला, पण दोन्ही खुर्च्या १९२२ पर्यंत धरून बसला, वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने जाहीर निषेध केल्यावरसुद्धा. निकाल दाबणारा जज आणि त्याचा फायदा झालेले मालक एकाच टेबलावर, हे तुम्हाला चालतं का ते सांगा, रोखठोक.